सगळे निर्णय एकट्या आईकडे नकोत

प्रश्न : आम्हाला नऊ मुले आहेत. थोरली मुलगी १५ वर्षांची, तिच्या पाठीवर १३ आणि ११ वर्षांचे दोन मुलगे, मग ९ वर्षांची मुलगी, ७ वर्षांची जुळी, ५ आणि ३ वर्षांचे दोघे आणि सर्वांत धाकटे बाळ ८ महिन्यांचे. सगळ्यांचे शिक्षण पहिल्यापासून घरीच चालते आणि तो निर्णय आम्ही दोघांनी विचारपूर्वक घेतला आहे. पती दिवसभर कामानिमित्त बाहेर असतात. मी अर्ध्या-अर्ध्या तासाचे वेळापत्रक करून भिंतीवर लावते आणि तिसऱ्या दिवशी ते कोलमडते. पसारा आवरून संपत नाही, दिवसभर माझा आवाज चढलेला असतो, नऊ वर्षांच्या मुलीचे वाचन मागे पडले आहे आणि थोरली हल्ली सारखी चिडचिड करते. ‘दर वेळी मीच का?’ हा तिचा ठरलेला प्रश्न. मोठी कुटुंबे मुलांना घरी शिकवूनही टापटिपीत आणि आनंदात राहतात असे ऐकले, की आपल्यातच काही कमी आहे असे वाटते. घराची घडी कशी बसवावी?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील जवळजवळ प्रत्येक काम ‘मी’ या एकाच शब्दापाशी येऊन थांबते. वेळापत्रक तुम्ही करता, लावता, पाळायला लावता; शिकवता तुम्ही, आवरता तुम्ही आणि ओरडून पुन्हा वाईटही तुम्हालाच वाटते. नऊ मुलांच्या घरात काम अफाट असणार, हे कोणीच नाकारणार नाही. परंतु तुम्हाला थकवणारी गोष्ट केवळ कामाचा ढीग ही नसावी. सकाळपासून रात्रीपर्यंत घरातील प्रत्येक बारीकसारीक बाब निर्णयासाठी तुमच्यापुढे येत असणार : अंघोळीला आधी कोणी जायचे, हे गणित झाले आता पुढे काय करू, ओले कपडे कुठे टाकू, बाळ रडते आहे त्याला कोण घेणार, निळी पेन्सिल कोणाची. तुमच्या घरात बोलती मुले आठ आहेत. प्रत्येकाने तासाला पाच प्रश्न विचारले तरी तासाला चाळीस प्रश्न होतात, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. अशा स्थितीत कोणीही शांतपणे एका मुलाला वाचन शिकवू शकणार नाही, आणि ज्याला जमणार नाही त्याच्यात काही कमी आहे असेही नाही. म्हणून माझा सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे : कोणते निर्णय एकदाच घेऊन कायमचे मिटवता येतील आणि कोणते मुलांच्या हाती सोपवता येतील, हे पाहा.

भिंतीवरच्या वेळापत्रकापासून सुरुवात करू. अर्ध्या तासाचे चौकोन आखलेले वेळापत्रक शाळेत चालते, कारण तिथे एका वर्गात साधारण एकाच वयाची मुले असतात आणि वर्गात तान्हे बाळ नसते. तुमच्याकडे बाळाने सकाळी वीस मिनिटे जास्त मागितली की पुढचे सगळे चौकोन घसरतात, आणि दहा वाजेपर्यंत ‘आजचा दिवस फसला’ ही भावना घरभर पसरते. त्याऐवजी घड्याळाला न बांधलेला क्रम ठरवा. उठल्यावर अंथरूण, मग अंघोळ, मग न्याहारी, मग आपापल्या वाट्याचे काम, मग सर्वांचा एकत्र पाठ. कोणताही टप्पा लांबला तरी पुढचा टप्पा तोच राहतो, फक्त थोडा पुढे सरकतो. घड्याळाप्रमाणे पाळाव्यात अशा वेळा दिवसात फार तर तीन ठेवा : दुपारचे जेवण, जेवणानंतरची शांत वेळ आणि रात्री झोपण्याची वेळ. या तीन खुंट्या पक्क्या असल्या की मधले काही ढिले पडले तरी दिवस हातातून सुटत नाही. क्रम महिनाभर न बदलता चालू राहिला की पाच वर्षांच्या मुलालाही पुढे काय आहे ते विचारावे लागत नाही, आणि प्रश्नांचा एक मोठा भाग तिथेच नाहीसा होतो.

जेवणाचेही तसेच. आज काय करायचे हा प्रश्न रोज नव्याने सोडवू नका. दोन आठवड्यांचा ठरलेला बेत लिहून ठेवा आणि तो फिरवत राहा. मुले कंटाळतील ही भीती बहुधा अनाठायी ठरते, कारण आज काय आहे हे आधीच माहीत असणे मुलांना आवडते.

आता शिकवण्याचा हिशेब. घरी शिकवणाऱ्या अनेक पालकांच्या मनात शाळेचा सहा तासांचा दिवस घट्ट बसलेला असतो आणि आठ मुलांना सहा-सहा तास कसे द्यायचे, या विचारानेच त्यांच्या तोंडचे पाणी पळते. शाळेच्या त्या सहा तासांत हजेरी, रांगा, वर्ग बदलणे, इतरांचे होईपर्यंत थांबणे हे सगळे धरलेले असते. समोरासमोर बसून एका मुलाला शिकवताना त्यातले काहीच लागत नाही. तुमच्या मुलांपुरते बोलायचे तर पाच वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटे, जुळ्यांना मिळून चाळीस, नऊ वर्षांच्या मुलीला चाळीस, अकरा वर्षांच्या मुलाला पंचेचाळीस आणि वरच्या दोघांना प्रत्येकी तीस मिनिटे, अशी तुमची थेट वेळ एकूण २०० मिनिटे होते. म्हणजे तीन तास वीस मिनिटे. तीन वर्षांच्या मुलाला पाठाची गरज नाही, त्याला मांडीवर बसून गोष्ट ऐकायची असते. याच्या जोडीला सर्वांचा एकत्र एक तास धरला तरी दिवस आटोक्यात राहतो.

पाठ लहान ठेवण्याला चांगला आधारही आहे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी घरी शिकणाऱ्या मुलांचा बारकाईने विचार केला होता आणि लहान मुलांचा पाठ वीस मिनिटांच्या आत संपावा असा त्यांचा आग्रह होता, कारण थोडा वेळ पूर्ण लक्ष देण्याची सवय ही तास-तास रेंगाळण्यापेक्षा अधिक मोलाची आहे. ऐकलेला भाग मुलाने पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगावा, हीही त्यांचीच पद्धत. मोठ्या कुटुंबाला ती फार सोयीची आहे. इतिहास, भूगोल, विज्ञान आणि वाङ्मय हे विषय आठ जणांना आठ वेळा शिकवायचे नसतात. एकच प्रकरण सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. मग पाच वर्षांचा त्याचे चित्र काढील, जुळी दोन-चार वाक्यांत सांगतील, नऊ वर्षांची सविस्तर सांगेल, अकरा-तेराचे मुलगे लिहितील आणि थोरली त्याच विषयावरचे मोठ्यांचे पुस्तक स्वतः वाचून टिपण काढील. स्वतंत्र शिकवावे लागतात ते दोनच विषय : भाषेचे वाचन-लेखन आणि गणित. त्या दोन विषयांत मात्र मुलाच्या वयाकडे न पाहता त्याला खरोखर काय येते तिथूनच सुरुवात करावी.

वरच्या तिघांना, म्हणजे अकरा, तेरा आणि पंधराच्या मुलांना, आठवड्याचे काम आठवड्याच्या पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून द्या. ते कोणत्या दिवशी किती करायचे हे त्यांनी ठरवावे. सुरुवातीला शेवटच्या दिवशी रडारड होईल. ती होऊ द्या. आपला आठवडा आपण आखायचा असतो, हे शिकण्याचे वय तेच आहे. अडलेल्या प्रश्नासाठी उठून तुमच्याकडे यायचे नाही, त्यावर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळायचे आणि ठरलेल्या वेळी सगळ्या खुणा एकत्र घेऊन बसायचे, हा एक नियम कटाक्षाने पाळला तर लहानांना शिकवताना होणारा व्यत्यय निम्म्याहून कमी होईल. गंमत अशी की त्या वेळेपर्यंत बऱ्याच खुणा मुलांनी स्वतःच पुसलेल्या असतात.

नऊ वर्षांच्या मुलीविषयी थोडे थांबून लिहिते, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकले आहे. मुले आपापल्या गतीने वाचू लागतात, हे खरे. परंतु नवव्या वर्षीही अक्षर आणि ध्वनी यांची जोडणी अडखळत असेल तर ‘येईल आपोआप’ म्हणून थांबू नये. प्रथम तिचे डोळे आणि कान तपासून घ्या. त्यानंतर रोज, अगदी रोज, पंधरा ते वीस मिनिटे तिच्या एकटीसाठी ठेवा. ती वेळ बाळाच्या झोपेशी जोडा म्हणजे मोडणार नाही. तिच्या वयाला शोभेल अशा विषयाचा पण सोप्या शब्दांचा मजकूर घ्या. धाकट्या भावाचे पुस्तक तिच्या हाती देऊ नका, त्यात तिचा अपमान आहे. ती वाचत असताना इतर भावंडांनी चूक दुरुस्त करायची नाही, हा घराचा नियम करा. मोठ्या कुटुंबात मागे पडलेले मूल फार लवकर कोपऱ्यात सरकते, कारण त्याच्या वतीने बोलायला, वाचायला, उत्तर द्यायला कोणीतरी सदैव तयार असते. दोन-तीन महिन्यांच्या नियमित प्रयत्नांनंतरही प्रगती दिसली नाही, तर वाचन-अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियाची, तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या. बुद्धिमान मुलांनाही ही अडचण असते आणि ती जितक्या लवकर कळेल तितके शिकवणे सोपे जाते.

घरकामाकडे वळते. रोज वेगळ्या मुलाला वेगळे काम, अशी फिरती पाळी बहुतेक घरांत लावली जाते, पण तिच्यात एक दोष आहे : आज कोणाची पाळी, हा वाद रोज तुमच्याकडेच निवाड्यासाठी येतो, आणि कोणतेही काम कोणाच्याही अंगवळणी पडत नाही. माझे मत स्पष्ट आहे की एक काम एका मुलाकडे किमान तीन महिने राहावे. तेरा वर्षांच्या मुलाकडे न्हाणीघर असेल तर तीन महिने ते त्याचेच. आधी तुम्ही करून दाखवा, मग दोघांनी मिळून करा, मग त्याने करावे आणि तुम्ही पाहावे, आणि त्यानंतर तुम्ही तिथून खरोखर निघून जावे. शेवटची पायरी आयांना सर्वांत जड जाते. मुलाने घासलेला कोपरा तुम्ही त्याच्यादेखत पुन्हा घासलात, तर ते काम त्या क्षणी परत तुमचे झाले असे समजा.

लहानांना कामात घेणे हे वेळखाऊ वाटते, आणि पहिले काही आठवडे ते तसे असतेही. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलेली एक ठळक गोष्ट अशी की तीन-चार वर्षांच्या मुलांना झाडणे, पुसणे, ताटे मांडणे ही खरीखुरी कामे खेळण्यांहून अधिक आवडतात. अट एवढीच, की साधने त्यांच्या हाताच्या मापाची आणि त्यांच्या उंचीवर हवीत. तुमच्या तीन आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी छोटा झाडू, हलका तांब्या आणि खालच्या खणात ठेवलेल्या वाट्या एवढे पुरे. एकाच वर्गात वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र ठेवण्याची माँटेसरी यांची रीतही तुमच्या घरात आपसूकच आहे. ती अडचण न मानता तिचा उपयोग करा.

पसाऱ्याबद्दल लिलियन गिलब्रेथ यांचे उदाहरण मला फार पटते. त्या अमेरिकेतील अभियंता आणि मानसशास्त्रज्ञ होत्या. पती फ्रँक यांच्यासह त्यांनी कारखान्यांतील कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला होता. त्यांना बारा मुले झाली, त्यांपैकी एक मुलगी लहानपणीच गेली आणि १९२४ मध्ये पतीचे निधन झाल्यावर उरलेल्या अकरा मुलांचा सांभाळ करत त्यांनी आपले कामही चालू ठेवले. पुढे स्वयंपाकघरातील येरझारा कशा कमी होतील यावरही त्यांनी संशोधन केले. त्यांच्या विचारातला गाभा कोणत्याही घराला लागू पडतो : वस्तू जिथे वापरली जाते तिथेच ती राहावी. एक दिवस काहीही न आवरता फक्त पाहा. चपला कुठे काढल्या जातात, वह्या कुठे पडतात, धुतलेले कपडे कोणत्या खुर्चीवर साचतात. जिथे साचतात तिथेच त्यांना जागा द्या. सगळ्या मुलांचे कपडे दाराजवळच्या खोलीत बदलले जात असतील, तर नऊ कपाटे नऊ ठिकाणी ठेवण्याऐवजी तिथेच प्रत्येकाच्या नावाची एक टोपली ठेवा. दहा वर्षांवरील मुलांनी आपले धुणे आपल्या ठरलेल्या दिवशी स्वतः धुवावे. बाकीच्यांचे रोज थोडे थोडे निघावे, कारण आठवड्याचे एकदम साठवले तर अकरा माणसांच्या कपड्यांच्या घड्या घालताना एक पूर्ण दिवस जातो. आणि आधी वस्तू कमी करा. मुलामागे कपड्यांचे सात-आठ जोड, घरभर मिळून खेळण्यांच्या चार-पाच टोपल्या. बाकीचे बांधून वर ठेवले तरी आठवड्याने कोणालाही त्याची आठवण येत नाही. गिलब्रेथ यांच्या घरी न्हाणीघरात तक्ता लावलेला असे आणि लिहिता येणारे प्रत्येक मूल आपापले काम झाल्यावर त्यावर आपल्या नावाची आद्याक्षरे टाकत असे. ‘दात घासलेस का?’ हे नऊ वेळा विचारण्यापेक्षा तक्त्याकडे एकदा पाहणे सोपे आहे.

आता थोरलीविषयी. तुमच्या पत्रातील ‘दर वेळी मीच का?’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो उद्धटपणा नव्हे. मोठ्या घरातील थोरली मुलगी नकळत दुसरी आई होते. ती समजूतदार असते, हाताशी असते, सांगितलेले चटकन करते, म्हणून पुन्हा पुन्हा तिलाच सांगितले जाते, आणि जो भाऊ कामात दिरंगाई करतो त्याला दिरंगाईचे बक्षीस म्हणून मोकळा वेळ मिळतो. तिने घरात हातभार लावणे योग्यच आहे. पण हातभार आणि पालकत्व यांतील रेषा तुम्ही दोघांनी आखून द्यायला हवी. तिचे काम ठरलेले असावे आणि ते संपले की ते खरोखर संपलेले असावे. धाकट्यांना शिस्त लावणे, त्यांच्या वागण्याचा जाब देणे, रात्री बाळासाठी उठणे ही तिची जबाबदारी असू नये. तिच्या अभ्यासाची वेळ कोणत्याही कारणाने मोडू नये, कारण पंधराव्या वर्षी तिच्यापुढे परीक्षा आणि पुढची वाट निवडण्याचा प्रश्न उभा आहे, आणि ‘बाळ रडत होते’ हे कारण पुढे तिच्या उपयोगाचे नाही. तेरा आणि अकरा वर्षांच्या मुलग्यांकडे बाळाला खेळवणे, स्वयंपाकात मदत करणे, भांडी घासणे ही कामे तिच्याइतकीच जायला हवीत. घरात मुलगी थोरली आहे म्हणून घरकाम तिचे, असा समज मुलग्यांच्या मनात एकदा रुजला की पुढे तो काढणे फार कठीण जाते.

मोठ्याने लहानाला शिकवू नये असे मात्र माझे म्हणणे नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जोडीत आणि थोडाच वेळ ते व्हावे. तेरा वर्षांच्या मुलाने जुळ्यांना रोज पंधरा मिनिटे वाचून दाखवले तर त्याचे वाचन सुधारते, जुळ्यांना भाऊ मिळतो आणि तुम्हाला पाच वर्षांच्या मुलाचा पाठ घेता येतो. परंतु आंघोळ घालणे, औषध देणे आणि चूल किंवा गरम पाणी यांच्याजवळ लहानांना सांभाळणे ही कामे मोठ्या माणसांकडेच असावीत.

थोरलीशी या विषयावर बोलताना समजावण्याच्या सुरात बोलू नका. ‘तुझ्यावर फार भार पडला, तो आम्ही कमी करणार आहोत, तुला कोणते काम ठेवायला आवडेल आणि कोणते नको?’ असे सरळ विचारा आणि तिच्या उत्तरातले निदान एक तरी काम त्याच दिवशी दुसऱ्याकडे द्या. तिला घरात एक जागा तिची म्हणून द्या. खोली देणे शक्य नसेल तर पडदा लावलेला कोपरा, जिथे विचारल्याशिवाय कोणी शिरणार नाही आणि जिथली वही कोणी उघडणार नाही.

आनंदाविषयी तुम्ही विचारले आहे. मुले पुष्कळ असली की त्यांच्याशी बोलणे बहुवचनात होऊ लागते : ‘चला’, ‘आवरा’, ‘गप्प बसा’. दिवसेंदिवस आपले नाव घेऊन आपल्याशी कोणी बोललेच नाही, असे त्या गर्दीतल्या एखाद्या मुलाला वाटत असते, आणि पुष्कळशी भांडणे तिथून सुरू होतात. इंग्लंडमधील एपवर्थ येथे राहणाऱ्या सुझॅना वेस्ली (१६६९–१७४२) यांना एकोणीस मुले झाली आणि त्यांपैकी दहा जगली. त्यांनी मुलांना घरीच शिकवले; सकाळी तीन आणि दुपारी तीन तास त्यांची शाळा चाले. १७०९ मध्ये घराला आग लागून ते जळाले, मुले काही काळ वेगवेगळ्या घरांत विखुरली आणि सगळी घडी मोडली. पुन्हा एकत्र आल्यावर त्यांनी जी नवी घडी बसवली तिच्यात एक गोष्ट अशी होती की आठवड्यातील प्रत्येक संध्याकाळ एकेका मुलाशी एकट्याने बोलण्यासाठी राखलेली असे. जॉन यांचा वार गुरुवार. हेच जॉन वेस्ली पुढे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध झाले आणि प्रौढ वयात आईला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढली होती. सुझॅना यांची शिस्त आजच्या दृष्टीने फार कडक होती आणि ती उचलण्याचे कारण नाही. पण ही एक रीत जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. तासभर नको, वीस मिनिटे पुरेत. बाळ सोडून आठ मुले आणि सात दिवस आहेत. धाकट्या दोघांना एकाच दिवशी, एका पाठोपाठ एक, दहा-दहा मिनिटे द्या. त्या वेळात अभ्यासाचा किंवा चुकांचा विषय काढू नका. मुलाने काहीच न बोलता शेजारी बसून चित्र काढले तरी ती वेळ सत्कारणी लागली.

दुपारच्या जेवणानंतर तासभर घर शांत राहील अशी व्यवस्था करा. लहान झोपतील, मधले पुस्तक किंवा चित्रांची वही घेऊन वेगवेगळ्या जागी बसतील, मोठे आपापला अभ्यास करतील आणि कोणीही कोणाशी बोलणार नाही. पहिल्या दिवसापासून एक तास जमणार नाही. पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. या वेळात तुम्ही घर आवरायला उठू नका. आडव्या व्हा. आठ महिन्यांच्या बाळाची आई रात्री किती झोपते हे मला ठाऊक आहे, म्हणून ‘सगळ्यांच्या आधी पहाटे उठा’ हा मोठ्या कुटुंबांना हमखास दिला जाणारा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. बाळंतपणानंतरचे नैराश्य पहिल्या वर्षभरात केव्हाही येऊ शकते. सतत रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. तो दुखण्याचा भाग आहे, स्वभावाचा नव्हे.

चढलेल्या आवाजासाठी एक साधा उपाय आहे : लांबून हाक मारायची नाही. सांगायचे असेल त्या मुलाजवळ चालत जायचे, नाव घ्यायचे आणि हळू बोलायचे. पायांना थोडे श्रम पडतात, पण एकच गोष्ट पाच वेळा सांगावी लागत नाही. भांडण सोडवताना आधी कोणी सुरू केले याचा तपास करू नका. दोघांना दोन जागी बसवा आणि उपाय त्यांनीच शोधून आणावा असे सांगा. मारामारी किंवा दमदाटी असेल तेव्हा मात्र तुम्ही लगेच मध्ये पडायला हवे.

तुमच्या पत्रात पती एकाच वाक्यात येतात. ते दिवसभर बाहेर असतात, हे मान्य. परंतु संध्याकाळ आणि सुटीचा दिवस त्यांचाही आहे. त्यांच्याकडे ‘मदत’ न देता पूर्ण जबाबदारी द्या, जिचा विचारही तुम्हाला करावा लागणार नाही. वरच्या दोघांचे गणित, रात्री झोपण्यापूर्वीची वीस मिनिटांची सर्वांची मिळून आवराआवर आणि शिक्षणाच्या नोंदी, या तीन गोष्टी मी त्यांच्याकडे देईन. घरी शिकवण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, काही देशांत तर त्याला परवानगीच नाही. म्हणून आपल्याकडे काय लागते हे एकदा नीट तपासून, प्रत्येक मुलाची रोजची एक ओळ आणि महिन्यातून त्याच्या कामाचे दोन-तीन नमुने तारखेसह जपून ठेवावेत. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसावे. गिलब्रेथ यांच्या घरी अशी कुटुंबसभा भरत असे. मुलांना तक्रार मांडता यावी, उपाय सुचवता यावा आणि त्यांचा एखादा उपाय खरोखर अमलात यावा. सात वर्षांच्या मुलाने सुचवलेला नियम तो स्वतः किती काटेकोरपणे पाळतो, हे पाहण्यासारखे असते.

काही दिवस तरीही मोडतील. कोणी आजारी पडेल, बाळाला दात येतील, सगळी रात्र जागून निघेल. अशा दिवसांसाठी एक लहान दिवस आधीच ठरवून ठेवा : वाचन, थोडे गणित, एक गोष्ट मोठ्याने, साधे जेवण आणि लवकर झोप. एवढे झाले की तो दिवस पूर्ण झाला असे घरात सर्वांनी मानायचे. असे दिवस ओळीने आठ-पंधरा आले तरी मुलांचे शिक्षण बुडत नाही.

हे सगळे एकदम सुरू करू नका. एका आठवड्यात नऊ बदल म्हणजे नवे कोलमडणारे वेळापत्रकच. पहिल्या आठवड्यात केवळ दोन गोष्टी करा : थोरलीशी बोलणे आणि दुपारची शांत वेळ. दोन्ही थोड्याफार रुळल्या की भिंतीवरचा तक्ता उतरवून क्रम लावा, मग नऊ वर्षांच्या मुलीचे रोजचे वाचन. घरकामाची वाटणी आणि वस्तू कमी करणे त्यानंतर, पतींना सुटी असेल अशा दिवशी. हे सर्व वर्षभर मनापासून करूनही एखाद्या मुलाची गरज घरी भागत नाही असे दिसले, तर त्याला शाळेत घालण्याचा विचार मोकळेपणाने करा. घरीच शिकवण्याचा तुमचा निर्णय मुलांच्या भल्यासाठी होता, आणि त्याच कारणासाठी एखाद्या मुलापुरता तो बदलता येतो. तूर्त मात्र तशी वेळ आली आहे असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही.